नदीच्या तळाचे सस्पेन्स खाते

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातली ॲनिमस नदी ऑगस्ट २०१५ मध्ये काही दिवस हळद कालवल्यासारखी पिवळी वाहत होती. डोंगरातली गोल्ड किंग नावाची एक जुनी, बंद पडलेली खाण. तिच्या बुजलेल्या तोंडाशी सरकारी पर्यावरण खात्याचेच लोक आणि त्यांचे कंत्राटदार तपासणीसाठी उकराउकर करत होते. ५ ऑगस्टला तो बांध फुटला आणि आत वर्षानुवर्षे तुंबलेले सुमारे तीस लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक आम्लयुक्त पाणी ओढ्यात आणि तिथून नदीत उतरले. पिवळ्या पाण्यात होड्या वल्हवणाऱ्या माणसांचे छायाचित्र जगभर फिरले. खालच्या अंगाला नवाहो आदिवासी शेतकऱ्यांनी पाटाचे पाणी बंद केले. आठवड्याभरात नदी पुन्हा नितळ दिसू लागली, वार्ताहर परतले आणि बातमी संपली.

माझ्या मनात मात्र एक बाळबोध प्रश्न राहिला. ते पिवळे गेले कुठे?

त्याचे उत्तर त्याच सरकारी खात्याने पुढे आपल्या अहवालात दिले. ॲनिमसमध्ये सुमारे ४९० टन धातू उतरले होते. त्यांत बहुतांश लोह आणि ॲल्युमिनियम. त्यांचा मोठा हिस्सा फार दूर गेलाच नाही. वरच्या टप्प्यात, सिल्व्हरटन आणि डुरँगो या गावांच्या दरम्यान, तो नदीच्या तळाशी बसला. याच अहवालातली आणखी एक नोंद मला त्याहून बोलकी वाटते. बर्फ वितळण्याच्या मोसमात ही नदी एक-दोन दिवसांत साधारण एवढेच धातू एरवीही वाहून नेते. फरक एवढाच, की तेव्हा त्यांना रंग नसतो आणि छायाचित्रकारही नसतो.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तळाबद्दल म्हणीने काही सांगितलेले नाही, आणि आपणही तो कधी विचारात घेत नाही. नदी म्हणजे वाहते पाणी, आणि वाहते पाणी आपोआप निर्मळ होते, हा आपला पिढीजात विश्वास. गंमत अशी, की हा विश्वास अगदीच भाबडा नाही. नदी स्वतःला काही प्रमाणात खरोखरच स्वच्छ करते. पण ते काम बरेचसे होते खालच्या वाळूत, आणि ‘स्वच्छ करते’ या शब्दांचा तिथे जो अर्थ आहे तो नीट समजून घेतला नाही तर मोठी फसगत होते. आजचा लेख त्या फसगतीबद्दल आहे.

आधी वाळूबद्दल. आटलेल्या नदीच्या पात्रात हातभर खड्डा खणून, त्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरणाऱ्या बाया आपल्याकडे ज्याने उन्हाळा पाहिला आहे त्याने पाहिलेल्या असतात. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. झिऱ्यातले पाणी डोहातल्या पाण्यापेक्षा चांगले, हे त्या बायांना कुणी शिकवावे लागत नाही. नदी वाहती असते तेव्हाही हा झिरा तिच्या पोटाखाली चालूच असतो. पाण्याचा एक भाग उंचवट्यापाशी वाळूत शिरतो, वितभर-हातभर खोल जातो, जमिनीतून येणाऱ्या पाण्यात मिसळतो आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा वर येतो. धड नदी नाही आणि धड भूजलही नाही, अशा या पट्ट्याला ट्रायान ऑर्गिदान या रुमानियन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘हायपोऱ्हेइक’ असे नाव दिले; अर्थ सरळ आहे, प्रवाहाखालचा. मी आपला त्याला झिऱ्याचा पट्टाच म्हणतो.

या पट्ट्याचा धातूंशी असलेला व्यवहार सर्वांत चिकाटीने मोजला गेला तो ॲरिझोनात, पायनल क्रीक नावाच्या एका साध्या ओढ्यावर. ग्लोब आणि मायामी या तिथल्या शेजारी गावांभोवती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तांब्याच्या खाणी आहेत. तांब्याचे खनिज बहुधा गंधकाशी बांधलेले असते. असा दगड फोडून त्याला हवा आणि पाणी लागू दिले की गंधकाम्ल तयार होते, आणि ते आम्ल वाटेतल्या दगडातले आणखी धातू विरघळवत पुढे जाते. तांबे काढण्यासाठीही आम्लच वापरतात. या परिसरात असल्या आम्लाचे एक तळेच्या तळे कित्येक दशके साठवलेले होते. ते १९८८ पर्यंत रिकामे करण्यात आले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आम्ल जमिनीत मुरून भूजलाबरोबर दरीच्या उताराने निघाले होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८४ पासून त्याचा माग काढायला घेतला.

जमिनीखाली या पाण्याचे काय होते ते एखाद्या कादंबरीतल्या पात्रासारखे आहे. वाटेत चुनखडीचे कण भेटतात, त्यांच्याशी झटापट होऊन आम्लाचा तोरा उतरतो. तो उतरला की आधी लोह साका होऊन बसते, त्या साक्याला तांबे चिकटते. पण इथेच एक खोच आहे. खाली बसण्यापूर्वी हे लोह गाळात मुळातच असलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडवर हल्ला करते आणि त्यातले मँगनीज सोडवून पाण्यात घालते. म्हणजे खाणीने न दिलेले मँगनीजही खाणीच्या पाण्यात येते. पुढे दरीतला खडक अरुंद होतो तिथे हे भूजल वर येते आणि तिथून सुमारे सात किलोमीटर ओढा बारमाही वाहतो. वर आलेले पाणी दिसायला स्वच्छ असते. त्यात मँगनीज असते, आणि कोबाल्ट, निकेल, जस्त हे उरलेसुरले सोबती असतात. हा ओढा पुढे सॉल्ट नदीला मिळतो, सॉल्ट नदी रूझवेल्ट धरणात जाते आणि त्या धरणाचे पाणी फिनिक्स शहराकडे जाते. तेव्हा सात किलोमीटरच्या त्या टप्प्यात काय घडते, हा केवळ प्रयोगशाळेपुरता प्रश्न नव्हता.

जडसन हार्वे आणि ख्रिस्तोफर फुलर या दोघा संशोधकांनी ओढ्यात एक निरुपद्रवी क्षार खूण म्हणून सोडला. तळात वेगवेगळ्या खोलीवर बारीक नळ्या रोवल्या आणि कुठले पाणी किती वेळात किती खाली उतरते आणि उतरताना त्यातले काय कमी होते, हे एकोणतीस ठिकाणी मोजले. ओढ्याच्या पाण्यातला प्राणवायू वाळूत उतरतो, तिथे त्याची मँगनीजशी गाठ पडते. नुसत्या रसायनशास्त्रावर सोडले तर हे लग्न लागायला फार काळ जावा. वाळूतले जिवाणू ते तासाभरात लावतात. विरघळलेले मँगनीज काळ्या ऑक्साइडच्या रूपाने वाळूच्या कणांवर लेपासारखे चढते. आणि हा काळा लेप मोठा ओढाळ असतो. जवळून जाणारे कोबाल्ट, निकेल, जस्त तो धरून ठेवतो. जिथे लेप आधीच जाड, तिथे पकड अधिक. तळात शिरलेल्या पाण्यातले सरासरी ५२ टक्के कोबाल्ट, ३६ टक्के जस्त, २७ टक्के निकेल आणि २२ टक्के मँगनीज असे अडकत होते. कोबाल्टला आणि जस्ताला त्यासाठी लागणारा काळ साधारण पंचवीस मिनिटांचा. संपूर्ण सात किलोमीटरचा हिशेब धरला तर कोबाल्ट, निकेल आणि जस्त यांचे विरघळलेले ओझे १२ ते ६८ टक्क्यांनी घटत होते. १९९८ आणि २००० साली हे निबंध प्रसिद्ध झाले.

माझे उभे आयुष्य बँकेत जमाखर्च तपासण्यात गेले असल्यामुळे या निबंधांतली मला भावलेली गोष्ट आकड्यांची नव्हे, पद्धतीची आहे. त्यांनी एकदा तळातल्या एकेका जागेची मोजणी वाढवत नेऊन एकूण आकडा काढला, आणि दुसऱ्यांदा वरून किती ओझे आले, खाली किती गेले यातला फरक घेऊन तोच आकडा काढायचा प्रयत्न केला. शाखेची वही आणि मुख्य कार्यालयाची वही समोरासमोर ठेवावी तसे. शिवाय सरासरीबरोबर तिची हेलकाव्याची मर्यादाही छापली: कोबाल्टच्या ५२ टक्क्यांपुढे अधिक-उणे २५. याचा अर्थ, एका जागी वाळूने तीन चतुर्थांश कोबाल्ट पकडले तर दुसऱ्या जागी जेमतेम पाव. ओढा म्हणजे कारखान्यातली गाळणी नव्हे. कुठे वाळू सैल, कुठे घट्ट, कुठे पाणी खाली उतरते, कुठे उतरतच नाही.

आता फसगतीकडे येतो. असल्या निबंधांत ‘काढून टाकले’ असे क्रियापद असते. शास्त्रज्ञ ते पाण्याच्या बाजूने वापरतात आणि तिथे ते बरोबर आहे. पाण्यातून धातू निघाले. पण तेच क्रियापद कंपनीच्या किंवा मंत्रालयाच्या कागदावर आले की त्याचा अर्थ नाहीसे झाले असा वाचला जातो. सांडपाण्यातली घाण जिवाणू खाऊन टाकतात, तिचे वायू आणि पाणी होते, ती खरोखर नाहीशी होते. जस्ताचे तसे नाही. जस्ताचा अणू जस्तच राहतो, नदीत, वाळूत, माशात किंवा माणसात. बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची हे ठरत नसले की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. त्या दिवशीचा ताळेबंद जुळतो, घरी वेळेवर जाता येते. पण ती रक्कम ना कमाई झाली ना फिटली. ती तिथे थांबली आहे. नदीचा तळ हे धातूंचे सस्पेन्स खाते आहे. १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने थकीत कर्जांचे नियम बदलेपर्यंत आपल्याकडे न आलेले व्याजही उत्पन्न म्हणून दाखवता येत असे, आणि ताळेबंद कसे गुटगुटीत दिसत! तळात अडकलेले धातू ‘शुद्धीकरण’ म्हणून दाखवणे मला त्याच जातीचे वाटते.

आणि हे खाते रोज थोडे उघडझाप करते. माँटाना राज्यातल्या प्रिकली पेअर क्रीक या खाणग्रस्त ओढ्यावर संशोधकांनी दीड ते अडीच दिवस सलग, रात्रंदिवस नमुने घेतले. विरघळलेले जस्त दुपारी सर्वांत कमी होते आणि सूर्योदयानंतर थोड्याच वेळात सर्वांत जास्त. वाढ ७० ते ५०० टक्के. आर्सेनिकचे नेमके उलटे. दिवसा पाण्यातले शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते, पाण्याची आम्लता उतरते, पाणी तापते, आणि तळ जस्ताला जास्त धरून ठेवतो. रात्री तो मूठ सैल करतो. आता विचार करा, नमुना घेणारा कर्मचारी केव्हा येतो? कचेरी उघडल्यावर, चहा झाल्यावर, गाडी मिळाल्यावर. म्हणजे दुपारी. मासे मात्र पहाटेही त्याच पाण्यात असतात. तपासणीच्या वेळी तिजोरी बरोबर दाखवणारे रोखपाल मी पाहिले आहेत. ओढा बिचारा हे कुणाला फसवायला करत नाही, पण परिणाम तोच.

रोजची उघडझाप परवडली. एकदम मागणी आली की काय होते ते त्याच माँटानात मिलटाऊन येथे दिसले. क्लार्क फोर्क नदीवर मिझूला गावाजवळ १९०८ च्या प्रारंभी एक छोटे धरण पुरे झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये महापूर आला. वरच्या अंगाला ब्यूट आणि ॲनाकोंडा ही तांब्याची मोठी केंद्रे. तिथल्या खाणींचा आणि भट्ट्यांचा चोथा पुराने आणून धरणामागे टाकला, आणि पुढेही तो येतच राहिला. सत्तर-ऐंशी वर्षे सारे शांत होते. धरणाने गाळ अडवला म्हणून खालची नदी स्वच्छ राहिली, असेच कुणीही म्हटले असते. १९८१ मध्ये मिलटाऊनच्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. तळातल्या गाळाला प्राणवायू मिळेनासा झाला की लोहाचे ऑक्साइड विरघळू लागतात आणि त्यांनी धरून ठेवलेले आर्सेनिक मोकळे होते. ते जमिनीतून विहिरींकडे निघाले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये वरून बर्फाचे मोठमोठे तुकडे आले, धरणाला धोका नको म्हणून पाण्याची पातळी घाईने उतरवावी लागली, तळ खरवडला गेला, खालच्या नदीत तांबे एकदम वाढले आणि माशांची संख्या घसरली. शेवटी २००८ मध्ये धरण फोडले. सतरा लाख घनमीटरच्या आसपास गाळ उकरून, आगगाडीत भरून, नदीच्या वरच्या अंगाला ॲनाकोंडाजवळच्या जुन्या चोथ्याच्या तळ्यांवर नेऊन टाकला. त्या जागेचे नाव ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे संधी. तिथल्या रहिवाशांना ही संधी फारशी आवडली नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून नदीच्या या गुणाचा उपयोगच करू नये, असे मी म्हणत नाही. पायनल क्रीकच्या वाळूने धातू धरले नसते तर ते तेवढे लवकर खाली गेले असते, आणि गेलेल्या पाण्यातून ते गोळा करणे अशक्यच. एका जागी बसलेल्या विषाचा नकाशा तरी काढता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ मध्ये अशा नैसर्गिक घटीला उपाय म्हणून मान्यता देताना ‘देखरेखीखालील’ हे विशेषण नावातच घातले. माझा सारा भर त्या विशेषणावर आहे. देखरेख म्हणजे कोण, किती वर्षे, कुणाच्या पैशाने? खाणीचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे. तळातल्या लेपाला मुदत नाही. खाण बंद होते, कंपनी विकली जाते, नाव बदलते, आणि खाते मात्र नदीच्या काठच्या माणसाच्या नावावर राहते. नदीने फुकट केलेल्या कामाची किंमत कंपनीच्या बचतीत धरायची असेल, तर त्या कामाचे दायित्वही कंपनीच्याच वहीत दिसले पाहिजे, आणि तेवढी रक्कम खाण सुरू होण्याआधी अनामत ठेवून घेतली पाहिजे. बिनतारण कर्जाला आम्ही शाखेत कधी चटकन सही देत नसू.

आपल्याकडे हा प्रश्न जसाच्या तसा लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्याचे लोहखनिज मुळात ऑक्साइडच आहे, गंधकाशी बांधलेले नाही. त्यामुळे ॲरिझोनासारखे आम्ल तिथला मुख्य शत्रू नव्हे. तिथला शत्रू गाळच. पावसाळ्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवरून उतरलेली तांबडी माती शेतांत, ओहोळांत आणि तिथून मांडवी-जुवारीच्या खाड्यांत जाऊन बसली. त्या मातीत लोहाबरोबर मँगनीजही आहे, आणि खाडीच्या चिखलात प्राणवायू कमी पडला की दोन्ही पुन्हा विरघळण्याच्या वाटेला लागतात, हे रसायनशास्त्र माँटानाचे आणि गोव्याचे वेगळे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणींच्या परवान्यांवर निकाल दिले, तेव्हा खाणी, रोजगार, महसूल यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतली मंडळी मात्र या खाड्यांच्या गाळातले धातू मोजत असतात. ते काम वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर यावे अशी अपेक्षा नाही. पण खाण पुन्हा सुरू करायची की नाही यावर बोलणाऱ्यांनी ते वाचावे एवढी अपेक्षा फार नाही.

महाराष्ट्रात तर आपण आणखी एक पाऊल पुढे आहोत. आपण खातेच उचलून नेतो. वाळूउपशाबद्दल बोलताना आपण पूल खचले, विहिरी आटल्या, महसूल बुडाला, तलाठ्यावर गाडी घातली, असे बोलतो, आणि ते सारे खरे आहे. पण वाळू ही नदीची गाळणी आहे, आणि त्या कणांवरचा लेप म्हणजे गाळणीत अडकलेले जे काही असेल ते, हे त्या बोलण्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. कारखान्यांच्या खाली असलेल्या पात्रातून वाळूचा लिलाव पुकारताना त्या वाळूत काय साठले आहे, ती उकरल्यावर पाण्यात काय सुटेल, आणि उरलेल्या उघड्या खडकावरून वाहणारे पाणी पुढच्या गावाच्या नळयोजनेत काय घेऊन जाईल, हे तीन प्रश्न जिल्हाधिकारी कचेरीतल्या फाइलवर लेखी विचारले जावेत. नमुने गाळाचेही घ्यावेत, नुसते पाण्याचे नकोत. आणि नमुन्याच्या बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. एखादा नमुना पहाटेचा असावा.